झहीर खान: ३२.९४ या सरासरीतले दोन गोलंदाज

प्रश्न एका पालकांचा आहे आणि त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली: झहीर खानची कसोटीतली सरासरी (एका बळीमागे दिलेल्या धावा, जितक्या कमी तितकं चांगलं) जवळपास ३३, उत्तरार्धात वेगही फारसा उरला नव्हता, दुखापतींमुळे सतत आत-बाहेर, तरी त्याला भारताच्या सर्वोत्तम वेगवान गोलंदाजांत का धरतात? दुसरी: त्यांचा मुलगा १७ वर्षांचा, डावखुरा वेगवान गोलंदाज आहे. वेग वाढावा म्हणून तो रनअप लांबवत चालला आहे. झहीरच्या कारकिर्दीतून त्याने काय घ्यावं?

वेगवान गोलंदाजी शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. डावखुरा मुलगा नेटमध्ये आला की मी त्याला झहीरच्या दोन चित्रफिती दाखवतो, एक २००० सालची आणि एक २००७ ची. रनअप वेगळा, उडी वेगळी, चेंडू सोडताना अंगाचा तोल वेगळा. ३२.९४ या आकड्यात हे दोन्ही गोलंदाज एकत्र मोजले गेले आहेत. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर या दोघांमधल्या काळात आहे, म्हणून मी तिथेच जास्त थांबणार आहे.

आधी हिशोब मांडू. ९२ कसोटींत ३११ बळी, २०० एकदिवसीय सामन्यांत २८२, ट्वेन्टी-२० मध्ये १७. कसोटीत ३०० चा टप्पा ओलांडलेले भारताचे वेगवान गोलंदाज तिघेच: कपिल देव, झहीर आणि इशांत शर्मा. आता यातला एक आकडा बघा, जो सरासरीच्या चर्चेत कुणी काढत नाही. ३११ पैकी २०७ बळी भारताबाहेरचे आहेत. मायदेशात नवा चेंडू दहा-बारा षटकं हातात, मग फिरकी सुरू, आणि पुन्हा बोलावणं येतं ते चेंडू जुना झाल्यावर, फलंदाज जमलेला असताना. अशा वाटणीत वेगवान गोलंदाजाची सरासरी सुंदर राहणं अवघड असतं.

झहीर मूळचा श्रीरामपूरचा, तेव्हाचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा. ऊस आणि साखर कारखान्यांचा भाग. सतराव्या वर्षी तो मुंबईत आला, सुधीर नाईकांकडे, नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये. नाईक सर म्हणजे १९७०-७१ मध्ये मुंबईला रणजी जिंकून देणारे कर्णधार, भारताकडून कसोटी खेळलेले सलामीवीर. मुलातला वेग त्यांनी ओळखला. इंजिनीअरिंगचं शिक्षण मागे पडलं आणि झहीर मैदानावरच राहिला. पुढे टी. ए. शेखर यांच्यामुळे वेगवान गोलंदाज घडवणाऱ्या चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये ऑस्ट्रेलियाचे जुने वेगवान गोलंदाज डेनिस लिलींच्या नजरेखाली तो घडला. मुंबईच्या संघात जागा मिळेना, म्हणून बडोद्याकडून रणजी खेळला, आणि २०००-०१ च्या अंतिम सामन्यात रेल्वेला हरवून बडोद्याने करंडक जिंकला तेव्हा निर्णायक मारा त्याचाच होता. जिल्ह्यातल्या ज्या मुलांना वाटतं की मुंबई-पुण्यात दार उघडलं नाही म्हणजे सगळं संपलं, त्यांना मी हा बडोद्याचा भाग मुद्दाम सांगतो.

ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीत तो भारताकडून पहिल्यांदा खेळला. केनियाविरुद्ध तीन बळी, आणि काही दिवसांत ऑस्ट्रेलियाविरुद्धचा तो यॉर्कर, म्हणजे थेट पायाशी पडणारा चेंडू, ज्यावर स्टीव्ह वॉ त्रिफळाचीत झाला. ७ ऑक्टोबर, झहीरचा बाविसावा वाढदिवस. त्या काळात भारतीय वेगवान गोलंदाजाने वॉसारख्या फलंदाजाचे स्टम्प असे उडवणं ही रोजची गोष्ट नव्हती. सगळा देश त्याच्या वेगाच्या प्रेमात पडला.

ही झाली पहिली चित्रफीत. लांब रनअप, शेवटी उंच, मोठी उडी आणि मग ताकदीने फिरवलेला हात. दिसायला फार देखणी. पण प्रशिक्षकाच्या डोळ्यांनी बघा. जितकी उंच उडी, तितका जमिनीवर आपटताना धक्का मोठा. पुढचा पाय क्रीझवर पडतो तेव्हा अंगावर स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. तो घोट्यातून गुडघ्यात, मांडीच्या मागच्या स्नायूत आणि शेवटी कमरेत जातो. शिवाय उंच उडीत वेळ जातो आणि पुढे जाण्याची गती कमी होते. म्हणजे रनअपमध्ये कमावलेली गती हवेत खर्च करायची आणि ती खांद्याच्या जोरावर पुन्हा उभी करायची. पंचविशीपर्यंत शरीर हे सोसतं.

आणि झहीरने त्या काळातही मोठी कामं केली, हे विसरू नका. डिसेंबर २००२ मध्ये न्यूझीलंडमध्ये आपली फलंदाजी पार कोसळली होती, पण वेलिंग्टनला ५३ धावांत ५ आणि हॅमिल्टनला २९ धावांत ५ बळी त्याचे. २००३ च्या विश्वचषकात १८ बळी. त्याच स्पर्धेच्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या आणि शेवटी सात षटकांत ६७. लोकांच्या डोक्यात ते षटक राहिलं. मला विचाराल तर तिथे अडचण होती पर्यायांची. उसळत्या खेळपट्टीवर हेडन-गिलख्रिस्ट या सलामीवीरांसमोर जोर लावूनही चेंडू हवा तिथे पडेना, तेव्हा वळायला दुसरी वाट हवी होती. ती वाट त्याच्याकडे अजून तयार झाली नव्हती.

डिसेंबर २००३ मध्ये ब्रिस्बेनला ९५ धावांत ५ बळी घेतले आणि लगेच हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीचा मागचा स्नायू, गेली. पुढच्या अ‍ॅडलेड कसोटीत त्याच्या जागी इरफान पठाणने पदार्पण केलं. डावखुरा, स्विंग करणारा, तोही बडोद्याचाच. त्यानंतरची दोन वर्षं झहीरसाठी वाईट गेली. दुखापत, पुनरागमन, पुन्हा दुखापत. अंगाला आलेला जडपणा टीव्हीवरही दिसत होता. इरफान, आर. पी. सिंग, श्रीसंत, मुनाफ अशी नवी पोरं रांगेत उभी होती, त्यातले दोन डावखुरे. २००६ च्या सुरुवातीला पाकिस्तान दौऱ्यानंतर तो संघाबाहेर गेला. वय सत्तावीस. तिथेच कारकीर्द संपली असती, तर आज हा प्रश्न कुणी विचारलाही नसता.

त्या उन्हाळ्यात तो इंग्लंडला वूस्टरशायरकडून कौंटी, म्हणजे तिथलं देशांतर्गत क्रिकेट, खेळायला गेला. पहिल्याच सामन्यात, सॉमरसेटविरुद्ध, दहा बळी. एसेक्सविरुद्ध एका डावात १३८ धावांत ९. हंगामात कौंटी चॅम्पियनशिपचे ७८ बळी. आकडे मोठे आहेत, पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेळापत्रक. चार दिवसांचा सामना, थोडी विश्रांती, प्रवास, की पुन्हा चार दिवसांचा सामना. परदेशी खेळाडू म्हणून घेतलंय तर सकाळी नवा चेंडू तुमचा आणि संध्याकाळी जुनाही तुमचाच. या रगाड्यात लांब रनअप आणि उंच उडी टिकत नाही. शरीरच सांगतं की यातलं काय सोडायचं. झहीरने रनअप आखूड केला, उडी जवळपास मोडून काढली. आता तो क्रीझमध्ये चढून येण्याऐवजी तिथून वाहत जायचा. वेग थोडा उतरला, पण चेंडू सोडतानाचं मनगट स्थिर झालं, शिवण सरळ उभी राहू लागली, आणि तिसऱ्या स्पेलमध्येही (सलग टाकलेल्या षटकांच्या तिसऱ्या हप्त्यात) पहिल्या स्पेलइतकाच अचूक टप्पा पडू लागला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण यावर बऱ्याच पालकांचा गैरसमज असतो. रनअप आखूड केला म्हणून तो चांगला झाला असं समजू नका. दर आठवड्याला भरपूर षटकं टाकत असताना त्याने तो बदल केला, म्हणून तो अंगात मुरला. नेटमध्ये पंधरा दिवस अ‍ॅक्शन बदलून सामन्यात उतरलेला मुलगा पहिला चौकार बसताच जुन्या अ‍ॅक्शनवर जातो. हे मी वारंवार पाहतो.

आता दुसरी चित्रफीत. जुलै २००७, ट्रेंट ब्रिज. झहीर फलंदाजीला आला तेव्हा कुणीतरी क्रीझवर जेली बीन्स टाकून ठेवल्या होत्या आणि तो भडकला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मला त्या सामन्यातली गोलंदाजी जास्त मोलाची वाटते. पहिल्या डावात ५९ धावांत ४, दुसऱ्यात ७५ धावांत ५. दुसऱ्या डावात मायकेल वॉन १२४ वर खेळत होता, इंग्लंड सामना वाचवणार असं वाटू लागलं होतं. झहीरचा चेंडू वॉनच्या पॅडला लागून स्टम्पवर गेला आणि तिथून डाव कोसळला. भारत सामना जिंकला, मालिका १-० ने जिंकली. इंग्लंडमध्ये १९८६ नंतरचा हा आपला पहिला मालिका विजय होता. तीन कसोटींत झहीरचे १८ बळी. पुढच्या वर्षी विस्डेन या क्रिकेटच्या प्रतिष्ठित वार्षिकाने त्याला वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंमध्ये निवडलं.

त्या मालिकेतली फलंदाजाची पंचाईत समजून घ्या. डावखुरा गोलंदाज ओव्हर द विकेट, म्हणजे चेंडू टाकणारा हात स्टम्पच्या बाजूला ठेवून, आला की उजव्या फलंदाजासाठी चेंडूचा कोन बाहेर जाणारा असतो आणि स्विंग झाला तर तो आत येतो. डावखुऱ्या फलंदाजासाठी नेमकं उलटं: कोन आत येणारा, स्विंग बाहेर काढणारा. म्हणजे डावखुरा सलामीवीर आत येणाऱ्या रेषेवर बॅट आणतो आणि चेंडू शेवटच्या क्षणी कड घेऊन स्लिपकडे जातो. दक्षिण आफ्रिकेचा डावखुरा सलामीवीर ग्रॅमी स्मिथ याला झहीरने कारकीर्दभर छळलं ते याच चेंडूवर, आणि त्याच्याच जोडीला कधीतरी तसाच दिसणारा चेंडू सरळ आत ठेवून. स्मिथला बाहेर जाणारा सोडता येत नव्हता, कारण पुढचा पॅडवर येणार नाही याची खात्री नव्हती. यात झहीरने राउंड द विकेटची, म्हणजे स्टम्पच्या दुसऱ्या बाजूने येऊन टाकण्याची, भर घातली. तिथून उजव्या फलंदाजाला कोन आत येतो आणि चेंडू बाहेर जातो. एकाच गोलंदाजाविरुद्ध फलंदाजाला दोन वेगवेगळ्या रेषांचा हिशोब करावा लागतो.

मग जुना चेंडू. रिव्हर्स स्विंगमध्ये, म्हणजे जुना चेंडू नेहमीच्या उलट दिशेने वळतो तेव्हा, चेंडू लकाकीच्या बाजूकडे जातो, म्हणून चांगला फलंदाज रनअपमध्येच गोलंदाजाच्या हातातली लकाकी कोणत्या बाजूला आहे ते बघून ठेवतो. झहीर धावत येताना उजव्या हाताने चेंडू झाकून आणायचा, अगदी शेवटपर्यंत. वाचायला ही बाब क्षुल्लक वाटते. पण फलंदाजाकडे निर्णयाला असतो अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ, आणि त्यातली आगाऊ माहितीच झहीर काढून घेत होता. इंग्लंडच्या जेम्स अँडरसननेही ही युक्ती झहीरकडे बघून उचलली, हे त्याने स्वतः सांगितलं आहे. स्विंगच्या देशातला सर्वांत मोठा गोलंदाज श्रीरामपूरच्या पोराकडून शिकतो, ही मला आपल्या गोलंदाजीची मोठी पावती वाटते.

२०११ च्या विश्वचषकाबद्दल सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून दोनच जागा सांगतो. पहिली, बंगळूरू, इंग्लंडविरुद्ध. ३३९ चा पाठलाग करताना स्ट्रॉस १५८ वर आणि बेल ६९ वर, सामना हातातून गेल्यात जमा होता. झहीर परत आला, लागोपाठच्या चेंडूंवर दोघंही बाद. बेल झेल देऊन, स्ट्रॉस यॉर्करवर पायचीत. थोड्याच वेळात कॉलिंगवूडचा त्रिफळा. सामना बरोबरीत सुटला. दुसरी जागा वानखेडेवरचा अंतिम सामना: सुरुवातीच्या पाच षटकांत तीन निर्धाव, सहा धावा आणि थरंगाचा बळी. ती खेळपट्टी ज्यांनी तयार केली ते क्युरेटर होते सुधीर नाईक. मुंबईत आलेल्या मुलाला हात देणारे गुरू आणि विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं पहिलं षटक टाकणारा शिष्य, एकाच मैदानावर. पुढच्या पाच षटकांत ५४ धावा गेल्या हेही खरं आहे, शेवटी लंकेने तुफान हाणामारी केली. तरी पहिल्या त्या पाच षटकांनी लंकेला मोकळेपणाने सुरुवात करू दिली नाही. स्पर्धेत त्याचे २१ बळी, शाहिद आफ्रिदीसोबत सर्वाधिक.

त्या स्पर्धेत त्याने नकल बॉल आणला. तर्जनी आणि मधलं बोट दुमडून चेंडूच्या मागे टेकवायची, अंगठ्याचा खालून आधार. हात पूर्ण वेगाने फिरतो, पण चेंडूला उलटी फिरकी मिळत नाही, त्यामुळे तो संथ येतो आणि अपेक्षेआधी खाली बसतो. मनगटाने किंवा बोटं फिरवून टाकलेला संथ चेंडू फलंदाज हातातून ओळखतो. हा ओळखणं कठीण, त्यात झहीरचा झाकलेला हात. ऑस्ट्रेलियाच्या माइक हसीचा त्रिफळा उडाला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

झहीरची किंमत कळायला एक सामना पुरेसा आहे, आणि तो आपण हरलेला आहे. जुलै २०११, लॉर्ड्स, पहिला दिवस. कुक पायचीत, स्ट्रॉस झेलबाद, दोघंही डावखुरे. १३.३ षटकं, १८ धावा, दोन बळी. मग तो मांडीचा मागचा भाग धरून बाहेर गेला आणि त्या मालिकेत परतलाच नाही. आपण ती मालिका ४-० ने हरलो. इशांत, प्रवीण कुमार, श्रीसंत यांच्याकडे कौशल्य होतं, पण कोणत्या फलंदाजाला कुठून सुरू करायचं हे मिड-ऑफला उभं राहून सांगणारा माणूस गेला होता. आकडेवारीत याला रकाना नाही.

शेवटची वर्षं थोडक्यात. घोट्याची शस्त्रक्रिया झाली, २०१२ च्या अखेरीस संघातून वगळलं गेलं, मग फ्रान्समधल्या ब्रीव्हला जाऊन युवराजसोबत शरीर पुन्हा बांधलं. डिसेंबर २०१३ मध्ये जोहान्सबर्गला कॅलिसला पायचीत करून ३०० बळी पूर्ण केले. फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टनला शेवटची कसोटी: मॅकलमने ३०२ केल्या त्या डावात झहीरने ५१ षटकं टाकली, १७० धावांत ५ बळी. पस्तिशीत, इतक्या दुखापती भोगलेल्या शरीराने ५१ षटकं. उडीवाल्या झहीरला हे जमलं नसतं असं माझं ठाम मत आहे.

आता तुलना. कपिल देवला मी त्याच्या वर ठेवतो, बुमराहलाही. श्रीनाथची सरासरी ३०.४९, झहीरपेक्षा सरस, आणि वेगात तर तो पुढे होताच. पण जुन्या चेंडूने, निर्जीव खेळपट्टीवर, जमलेल्या फलंदाजाला विचार करून बाद करणारा भारतीय वेगवान गोलंदाज निवडायचा झाला, तर बुमराह येईपर्यंत मी डोळे मिटून झहीरच्या हाती चेंडू दिला असता.

तुमच्या मुलाकडे येतो. सतराव्या वर्षी वेग वाढवायचाच असतो, त्यात गैर काही नाही. झहीरकडे बघून आत्ताच वेग सोडून द्यायला त्याला अजिबात सांगू नका. झहीरकडे आधी वेग होता म्हणून नंतर तो कमी करणं त्याला परवडलं. पण लांब रनअपने वेग येत नाही. क्रीझवर पोहोचताना गती किती आहे आणि ती चेंडूत किती उतरते, त्याने वेग येतो. त्याला क्रीझवर उभं करा, फलंदाजाकडे पाठ करून मोकळेपणाने उलट दिशेला पळायला सांगा, आणि जिथे सहज चेंडू सोडावासा वाटतो तिथे खूण करा. पाच-सहा वेळा केलं की खुणा एका जागी जमतात. तोच त्याचा रनअप. सध्या तो याहून मागून धावत असेल, तर शेवटच्या पावलांत तो नक्की मंदावतो. बाजूने चित्रण करा, लगेच दिसेल.

समोरूनही एक चित्रण करून बघा. मागचा पाय टेकताना कंबर आणि खांदे एकाच दिशेला आहेत का? कंबर समोर आणि खांदे आडवे असतील, तर या वयात कमरेच्या मणक्याला बारीक तडा जाण्याचा धोका असतो, आणि तो रनअपपेक्षा कितीतरी गंभीर विषय आहे. पाठ एका बाजूने दुखते असं तो म्हणाला, तर मलम चोळून खेळवू नका, क्रीडा दुखापतींच्या डॉक्टरांना दाखवा.

नकल बॉल त्याने यूट्यूबवर पाहिलाच असेल. तो एक-दोन वर्षं बाजूला ठेवा. आधी ओव्हर द विकेट उजव्या फलंदाजाच्या आत येणारा चेंडू एकाच टप्प्यावर षटकभर पडू दे, मग तोच राउंड द विकेट. आणि घरी सामने बघताना त्याला स्कोअर विचारू नका, पुढचा चेंडू झहीरने कुठे टाकला असता ते विचारा.